गावाकडे राहायला जाताना मुलांसाठी शाळा कशी पारखावी

गावी स्थायिक व्हायचं ठरलं की आधी घर, पाणी आणि नेटवर्क बघितलं जातं. शाळेचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं होतं. हा क्रम उलटा हवा. शहरात एक शाळा पटली नाही तर दुसरी असते. ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गावातली जिल्हा परिषदेची शाळा, काही किलोमीटरवरचं एखादं विद्यालय आणि तालुक्याच्या वाटेवरची एखादी इंग्रजी शाळा, एवढ्यातूनच निवडायचं असतं. म्हणून शाळा नक्की करा आणि मगच घराचा विसार द्या.

सुरुवात घरबसल्या करता येते. प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस क्रमांक असतो; यूडायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळा शोधली की तिथले वर्ग, पट, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृह, वीज यांची माहिती मिळते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि ती मागच्या वर्षाची असू शकते. तेव्हा तिच्यावरून निर्णय घेऊ नका, तिथे जाऊन काय विचारायचं ते ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक हवेत. म्हणजे 25-30 पटाच्या शाळेत दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळणार, हे गृहीत धरा. त्यात काही वाईट नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा दोनांतली एक जागा रिकामी असते आणि उरलेले गुरुजी पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या बैठका यांत अडकतात. म्हणून ‘किती शिक्षक आहेत?’ एवढंच विचारू नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर कोणी बाहेर आहे का आणि यंदा कोणाची बदली व्हायची आहे, हे विचारा. चांगल्या बाईंच्या नावावर शाळा निवडली आणि जूनमध्ये बाईच बदलून गेल्या, असं नेहमी घडतं. ही माहिती मुख्याध्यापकांकडून मिळाली नाही तर केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) किंवा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते.

मग प्रत्यक्ष शाळेत जा, तेही भर सत्रात आणि जमलं तर पावसाळ्यात. मे महिन्यात रंगवलेल्या भिंती सगळीकडेच छान दिसतात. कुठलं छप्पर गळतं, कोणत्या वर्गातली मुलं एका कोपऱ्यात सरकून बसतात आणि वाटेतला ओढा कधी अडवतो, हे जुलैतच कळतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तासभर मागे बसा. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर नजर त्या इयत्तेवर ठेवा, जिच्याकडे त्या क्षणी शिक्षकांची पाठ आहे. त्या मुलांच्या हातात नेमकं काम आहे का? जोड्या करून वाचन, गणिताची कार्डं, मोठ्या मुलाने लहानाला शिकवणं असं काही चालू असेल तर शिक्षकांना बहुवर्ग अध्यापन जमलेलं आहे. फळ्यावरचं उतरवून घेण्यातच मुलांचा वेळ जात असेल तर जमलेलं नाही.

वह्या मागून बघा, आणि त्या शिक्षकांनी निवडून दिलेल्या नकोत, ढिगाच्या मधल्या घ्या. तारखा सलग आहेत का, ते बघा. मग लाल पेनाच्या खुणेच्या पुढे काय आहे ते बघा. हातच्याची वजाबाकी चुकली, तिच्यावर फुली आली आणि पुढच्या पानावर नवा धडा सुरू झाला, तर ती फक्त तपासणी झाली. त्याच चुकीची आणखी दोन-तीन उदाहरणं खाली सोडवून घेतलेली दिसली, तर तिथे शिकवणं चालू आहे. चौथीतल्या दोन-तीन मुलांना दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा वाचायला द्या आणि तो त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. पाठ झालेली कविता म्हणून दाखवली, तर त्यावरून काहीच कळत नाही.

स्वच्छतागृहाला कुलूप नाही ना आणि आत पाणी येतं का, हे स्वतः जाऊन बघा. मुलींसाठी हा मुद्दा दुय्यम धरू नका. पाचवी-सहावीनंतर त्यांची हजेरी त्यावर अवलंबून असते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेला हीच कसोटी लावा, उलट थोडी कडकच. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असणं म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. शासनमान्यतेचं पत्र कोणत्या इयत्तेपर्यंतचं आहे, तेही वाचा. मुलांशी दोन वाक्यं बोला. इंग्रजी उत्तरं घोकलेली आहेत की मूल स्वतःचं काही सांगू शकतं, ते लगेच कळतं. गावातली सेमी इंग्रजी शाळा पुष्कळदा जास्त उजवी ठरते, कारण तिथे गणित-विज्ञान इंग्रजीतून असलं तरी बाकीचं सगळं मुलाला समजत असतं.

शाळा कितवीपर्यंत आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीला संपतात. पुढच्या विद्यालयाची वाट त्याच फेरीत बघून घ्या. एसटी किती वाजता येते, शाळा सुटल्यावर परतीची गाडी आहे का, ती चुकली तर काय, हे रोज जाणाऱ्या मुलांना विचारा. एसटीच्या वेळापत्रकापेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं.

सहावीपासून प्रवेश देणाऱ्या, केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाचा विचार असेल तर वेळेचं गणित आताच मांडा. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, पण त्या कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. पाचवीत असताना गावी आलात तर हा कोटा मिळत नाही. दहावीच्या वर्षात तर शाळा बदलूच नये. सीबीएसईत नववी-दहावी हा एकत्र अभ्यासक्रम धरला जातो आणि दहावीत नवा प्रवेश मंडळाच्या परवानगीशिवाय होत नाही.

कागदपत्रांत घोळ होतो तो ऑनलाइन नोंदीचा. जुन्या शाळेने दाखला दिला तरी यूडायस प्लसवर मूल ‘दाखला घेऊन गेलं’ अशी नोंद करायला ती विसरते आणि नव्या शाळेला नाव आपल्याकडे ओढता येत नाही. मुलाचा पेन क्रमांक (यूडायस प्लसवरचा विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लिहून घ्या आणि ही नोंद झाल्याची खात्री करूनच जुनं गाव सोडा. 30 सप्टेंबरच्या पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे लहान शाळेला तुमच्या एका मुलाचीही नोंद महत्त्वाची असते. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदा सांगतो. तरीही कोणी प्रवेश नाकारला तर प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, नाव चढवताना समोर उभं राहून मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. दहावीनंतर त्यात दुरुस्ती करून घेणं फार अवघड जातं.