जामफळ मागणाऱ्याला काय द्यायचं? उसन्या नावांची वही

मिरजेहून म्हैसाळकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी सुरू केली, ते गेल्यापासून मी बघते. कर्नाटकाची हद्द इथून जवळ, त्यामुळं निम्मी गिऱ्हाइकं कागवाड, उगार, अथणीकडची. ती मला अक्का म्हणतात, सांगलीची मंडळी वहिनी म्हणतात. माझं ठीक आहे, मी दोन्हीला ओ देते. झाडांचं तसं चालत नाही.

झालं असं, की सांगलीत हळदीचा व्यापार करणारे एक गुजराती काका आले आणि म्हणाले, "जामफळाची दोन रोपं द्या." मी जामाची दोन दिली, चांगली गुटी बांधलेली. तिसऱ्या वर्षी काका पिशवी घेऊन परत. पिशवीत घंटेच्या आकाराचे, पाणचट, फिकट जाम. "बहेन, हे काय दिलंत?" गुजरातीत जामफळ म्हणजे पेरू. मी पैसे परत केले, वर सरदार पेरूची दोन कलमं दिली, पण काकांची तीन वर्षं कुठून आणून देणार? त्या संध्याकाळी मी वही सुरू केली.

तशी वही कुणालाही ठेवता येते. त्यासाठी रोपवाटिका हवी असं नाही, परसात चार झाडं आणि दारात दोन भाषा बोलणारी माणसं असली की पुरे.

आडवी, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी हरकत नाही, पण चिखलाच्या हातानं वही उघडता येते, मोबाईल नाही. एका झाडाला एक पान. पानाच्या मधोमध नाव लिहू नका, झाड लिहा: पान कसं, देठ मोडला तर चीक येतो का, फळ फोडलं तर आत बिया किती आणि कशा. माझ्या चिकूच्या पानावर लिहिलंय, 'पांढरा चीक. बी काळं, चकचकीत, चपटं, एका कडेला पांढरी रेघ.' नावं त्याच्या भोवतीनं येऊ देत. प्रत्येक नावापुढं सांगणाऱ्याचं गाव आणि घरची भाषा लिहायची. आणि फळ किंवा पान हातात देऊन 'हेच ना?' असं विचारून घेतलं असेल तरच बरोबरची खूण करायची. नुसतं ऐकलेलं नाव खुणेविना राहू दे. माझ्या वहीत अशी बिनखुणेची नावं पुष्कळ आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

ऐकलं तसंच लिहा. अथणीचा माणूस 'पेरल हण्णु' म्हणाला तर त्याचं 'पेरू' करू नका. सुधारायची खोड मला फार होती. सुधारलं की त्या शब्दाची वाट पुसली जाते.

आता पुढचं काम. झाड इथलं जुनं की समुद्रापलीकडून आलेलं, हे आधी बघून घ्या. पेरू, चिकू, सीताफळ, पपई, काजू, अननस, मिरची, तंबाखू, बटाटा, मका ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतरच्या काळात पोर्तुगीजांच्या गलबतांतून यातली बरीचशी इकडं आली. बाहेरून आलेल्या झाडाला नाव मिळतं ते बहुतेक तीन तऱ्हांनी. एक, ते आपलं नाव घेऊनच येतं. अननस आणि काजू हे दोन्ही ब्राझीलमधल्या तुपी भाषेतले शब्द, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडं आले. दोन, घरातल्या जुन्या वस्तूचं नाव त्याला चिकटवतात. मिरीसारखी तिखट म्हणून मिरची, आणि गंमत म्हणजे कानडीतही तेच झालं: मेणसु म्हणजे मिरी, मेणसिनकायि म्हणजे मिरची. तीन, ज्यानं आणलं त्याचं नाव. पपई आपल्याकडं स्वतःचं नाव घेऊन आली, कानडीत मात्र ती 'परंगी हण्णु', म्हणजे फिरंग्यांचं फळ. तंबाखूला तर कानडीत सरळ 'होगेसोप्पु' म्हणतात, धुराचा पाला. याला कुठल्या तऱ्हेत बसवायचं ते मला ठरवता आलं नाही, वहीत वेगळं ठेवलंय.

ही तऱ्हा कळली की शेजारच्या भाषांची नावं एका ओळीत मांडा. पेरूची ओळ घ्या. कोकणीत पेर, उत्तर कर्नाटकात पेरल, मल्याळीत पेरक्का, सिंहलीत पेर, बंगालीत पेयारा. ही ओळ किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरते. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नाशपाती. खुद्द पोर्तुगीज पेरूला 'गोयाबा' म्हणतात, पण इथल्या लोकांच्या तोंडी नाशपातीच बसली. पेरू देशावरून पेरू, असं पुष्कळ जण सांगतात. ही ओळ समोर ठेवली की मला ते पटत नाही. आता हिंदीतला अमरूद बघा. तो फारसी शब्द, आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? नाशपातीच! एक नाव समुद्रावरून आलं, दुसरं खुष्कीच्या वाटेनं, आणि दोघांनी पेरूला बघून एकच फळ आठवलं. हे कळलं त्या दिवशी मी चहा घ्यायची विसरले होते.

उलट तपासणीही करायची: नाव एकच, पण वस्तू कुठली? हे मी सीताफळावर शिकले, तेही पैसे मोजून. उत्तरेकडच्या एका बियाणेवाल्याला फोनवर 'सीताफल के बीज' सांगितलं, दोन किलो. पार्सल उघडलं तर पांढऱ्या, चपट्या बिया. भोपळा! दिल्लीकडं सीताफल म्हणजे भोपळा, आपल्या सीताफळाला ते शरीफा म्हणतात. त्याची चूक नव्हती, मी मागितलं तेच त्यानं पाठवलं. थोड्या बिया वाफ्यात लावल्या, बाकीच्या भाजून खाल्ल्या. तेव्हापासून फोनवर नाव सांगायचं नाही, बीचा फोटो मागवायचा, हा माझा नियम. इंग्रजी नावावरही विसंबू नका. आपण सीताफळाला कस्टर्ड ॲपल म्हणतो, पण इंग्रजी पुस्तकांत ते बऱ्याचदा रामफळाचं नाव असतं आणि सीताफळ शुगर ॲपल असतं. हिंदीतल्या आलूचं आणि आपल्या अळूचंही तसंच. आणि फारसीत आलू म्हणजे अलुबुखारासारखं फळ, बटाटा नव्हे.

चिकूचं पान माझ्या वहीत सगळ्यात जास्त मळलेलं आहे. आमच्या फाटकावर रोज हा तंटा: मिरजेकडचा माणूस 'चिकू' म्हणतो, अथणीकडचा 'सपोटा'. पूर्वी मला वाटायचं, कच्च्या फळाला चीक असतो म्हणून चिकू. सासरेही तेच सांगायचे. मग शब्दाची मूळ वाट सापडली. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत या फळाला 'शिकोत्सापोत्ल' म्हणत. त्सापोत्ल म्हणजे मऊ गोड फळ, शिको म्हणजे भुंग्यासारखी मधमाशी. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'चिकोसापोते' केलं. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं जात होती. फिलिपिन्समध्ये हे फळ चिको, मलायी भाषेत चिकू, आपल्याकडं आणि गुजरातेत चिकू. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये सपोटा. म्हणजे एकाच शब्दाचं मुंडकं आपल्याकडं आलं, शेपूट दक्षिणेकडं गेलं, आणि दोन्ही तुकडे माझ्या फाटकात भांडतात.

आणि चिकाचं? त्याच झाडाच्या चिकाला तिकडं 'त्सिक्त्ली' म्हणत, स्पॅनिशमध्ये 'चिक्ले'. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत च्युइंगगम बनायचं ते त्यापासून. चीक आणि चिक्ले किती छान जुळतात! पण जुळणं म्हणजे नातं नव्हे. दोन शब्द सारखे वाजले की आधी त्यांच्यामधली वाट शोधा. कुणी, कुठून, कुठल्या बोटीतून आणला ते सांगता येत नसेल तर खूण करायची नाही.

शेवटी शास्त्रीय नाव लिहायचं. ते नाव पत्त्यासारखं: सपोटा म्हणा, चिकू म्हणा, घर एकच. पण तेही आभाळातून पडत नाही. चिकूचं जुनं शास्त्रीय नाव आक्रास झपोटा, जुन्या शेतीच्या पुस्तकांत हेच दिसेल. आक्रास म्हणजे ग्रीकमध्ये रानटी नाशपाती. पुन्हा नाशपाती! आताचं नाव मनिलकारा झपोटा. हे वाचलं तेव्हा मी वहीत लगेच लिहिलं, 'मनिलावरून.' सपशेल चूक. मनिलकारा हा मल्याळी शब्द, केरळातल्या एका जातभाई झाडाचा. व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याच्या 'हॉर्टस मलबारिकस' या १२ खंडांच्या ग्रंथातून (१६७८ ते १६९३) तो वनस्पतिशास्त्रात गेला. त्या ग्रंथाला इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य मदतीला होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही. या तिघांचं प्रमाणपत्र त्यात नागरी लिपीत छापलेलं आहे. आपल्या लिपीतला मजकूर सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला छापला गेला, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता यातली खरी गंमत कलमं बांधणाऱ्यालाच कळेल. चिकूचं कलम आम्ही चिकूच्या रोपावर बांधत नाही, खिरणीवर बांधतो. खिरणी, गुजरातीत रायण, इथलं रानचं झाड, मुळं चिवट. खाली खिरणी, वर कालीपत्ती चिकूची काडी. खिरणीचं शास्त्रीय नावही मनिलकाराच, पुढं हेक्झांड्रा. आणि मनिलकारा झपोटा हे नाव बघा: आधीचा शब्द मल्याळी, पुढचा मेक्सिकोचा. खुंट आपला, काडी तिकडची. नाव ठेवणाऱ्यांनी आयुष्यात कधी कलम बांधलं असेल असं वाटत नाही, तरी नावाचा सांधा नेमका तिथंच बसलाय.

अलीकडं नवी भानगड सुरू झालीय. लोक 'ब्लॅक सपोटे'ची रोपं विचारतात, त्यांना वाटतं काळा चिकू मिळणार. त्सापोत्ल हा शब्द तिकडं कितीतरी मऊ फळांना लावत, तशी ही झाडं वेगवेगळ्या कुळांतली. ब्लॅक सपोटे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला आहे, चिकूशी त्याचा संबंध नाही. महागाचं रोप घेण्याआधी शास्त्रीय नावाचा पहिला शब्द विचारा. तो मनिलकारा नसेल तर चिकू नाही.

वही भरली की पाट्या करा, नाहीतर तिचा उपयोग तुमच्यापुरताच. पाटीवर पहिल्या ओळीत गावात चालतं ते नाव, दुसऱ्या ओळीत शेजारच्या भाषेचं, तिच्याच लिपीत, तिसऱ्या ओळीत शास्त्रीय. शब्दाची कुळकथा पाटीवर नको, कुणी विचारलं तर तोंडानं सांगावी. कानडी ओळ लिहिल्यावर कानडी माणसाकडून वाचून घ्या. आमच्या पेंटरनं एकदा सपोटाचं भलतंच काही केलं होतं आणि अथणीचे एक मामा हसून हसून बाकावर बसले.

पेरूच्या पाटीवर मी चार नावं घेतलीत: पेरू, पेरल, अमरूद, जामफळ. त्याच्या शेजारची पाटी जामाची. तिच्यावर कंसात लिहिलंय, '(जामफळ नव्हे)'.