बीटल्सच्या रेकॉर्ड्स : पुनर्मुद्रित संच घ्यावा की जुनी मूळ प्रत?

जाड पुठ्ठ्याच्या पेटीतून येणारे बीटल्सचे पुनर्मुद्रित संच चांगले की १९६० च्या दशकातील मूळ ब्रिटिश प्रती चांगल्या, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. असे उत्तर शोधणारा खरेदीदार एक तर पेटीच्या देखणेपणाला भुलतो किंवा जुनेपणाच्या मोहात पडून झिजलेली रेकॉर्ड घेऊन बसतो. खरेदीपूर्वी प्रत्येक अल्बमसाठी वेगळा विचार करावा लागतो. रेकॉर्डवर नेमका कोणता मिक्स (वेगवेगळ्या वाद्यांची आणि आवाजांची मुद्रणे एकत्र करून केलेले अंतिम रूप) आहे, तो कोणत्या टेपवरून आणि कोणत्या मार्गाने खाचेत उतरला आहे, आणि हाती येणारी प्रत प्रत्यक्षात कोणत्या अवस्थेत आहे, एवढे समजले की निर्णय बराचसा आपोआप होतो.

मिक्सचा मुद्दा मी सर्वांत आधी घेतो, कारण आवाजाच्या गुणवत्तेविषयी वाद घालणारे अनेक जण दोन वेगवेगळे मिक्स ऐकत असतात आणि त्या फरकाचे श्रेय किंवा दोष मात्र तबकडीला देतात. त्या काळी इंग्लंडमधील बहुतेक घरांत एकच स्पीकर असलेला रेकॉर्ड प्लेअर असे, त्यामुळे बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे लक्ष मुख्यतः मोनोकडे, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाकडे, होते. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’चा मोनो मिक्स तयार होत असताना वादक स्वतः स्टुडिओत हजर होते, तर स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा) मिक्स त्यांच्या गैरहजेरीत आणि पुष्कळ कमी वेळात उरकला गेला. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनोमध्ये किंचित वेगाने आणि जवळजवळ अर्ध्या सुराने वरच्या पट्टीत वाजते. १९६८ च्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या दुहेरी अल्बमवरील ‘हेल्टर स्केल्टर’च्या शेवटी ड्रमवादक रिंगो स्टारची बोटांना फोड आल्याची प्रसिद्ध आरोळी स्टिरिओत ऐकू येते, मोनोत ती नाहीच. हे फरक किरकोळ नाहीत, आणि यांपैकी आपल्याला काय ऐकायचे आहे हे ठरवल्याशिवाय पैसे खर्च करणे व्यर्थ आहे. १९६९ चा ‘अ‍ॅबी रोड’ मात्र इंग्लंडमध्ये स्टिरिओतच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या अल्बमपुरता मोनोचा प्रश्न उरत नाही.

आता संचांकडे वळू. २०१२ साली आलेल्या स्टिरिओ संचात १६ तबकड्या आणि २५२ पानांचे पुस्तक होते. हा संच २००९ साली केलेल्या डिजिटल रीमास्टरवरून, म्हणजे जुन्या टेपवरून नव्याने तयार केलेल्या डिजिटल आवृत्तीवरून, कापलेला आहे. २०१४ च्या मोनो संचात १४ तबकड्या आणि १०८ पानांचे पुस्तक होते. त्याची जात मात्र वेगळी आहे. शॉन मॅगी आणि स्टीव्ह बर्कोविट्झ यांनी तो अ‍ॅबी रोड स्टुडिओत थेट मूळ मोनो मास्टर टेपवरून, मध्ये कोणतीही डिजिटल पायरी न घेता, लॅकरवर, म्हणजे जिच्यात खाचा पहिल्यांदा कापल्या जातात त्या तबकडीवर, उतरवला, आणि तसे करताना १९६० च्या दशकातील कटिंग अभियंत्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींचा आधार घेतला. एकाच वादकसमूहाचे हे दोन संच केवळ दोन वर्षांच्या अंतराने निघाले असूनही त्यांचे मोल सारखे नाही. मोनो संच मी निःसंकोच सुचवीन. स्टिरिओ संचाविषयी मला तसा उत्साह वाटत नाही, आणि त्याचे कारण केवळ डिजिटल टप्पा हे नाही. ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ या १९६५ च्या दोन अल्बमांचे स्टिरिओ मिक्स जॉर्ज मार्टिन यांनी १९८० च्या दशकात सीडीसाठी नव्याने केले होते, आणि २०१२ च्या संचात तेच वापरले आहेत. म्हणजे १९६५ चा खरा स्टिरिओ मिक्स रेकॉर्डवर हवा असेल, तर या संचाचा उपयोग नाही. त्यासाठी जुनी प्रतच शोधावी लागते.

‘सार्जंट पेपर’पासून पुढे जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी केलेल्या नव्या मिक्सचे संच हा तिसरा प्रकार. २०२२ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ संचात एकाच ट्रॅकवर एकत्र मुद्रित झालेली वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी करून नवा स्टिरिओ मिक्स तयार केला आहे, सोबत मूळ मोनो मिक्स आणि स्टुडिओतील न वापरलेली मुद्रणेही आहेत. हा संच घेण्याचे समर्थनीय कारण ती मुद्रणे हेच आहे. गीत कसे घडत गेले हे ऐकण्यात ज्यांना रस आहे त्यांना ती अमूल्य वाटतील. मूळ प्रतीला पर्याय म्हणून मात्र तो घेऊ नये, कारण नवा मिक्स ही २०२२ ची निर्मिती आहे आणि तिचा विचार त्याच नात्याने व्हायला हवा.

संचावर ‘मूळ मास्टर टेपवरून’ असे छापलेले असते, तेव्हा ते वाक्य सावकाश वाचावे. टेपवरून थेट लॅकर कापला, की टेपवरून आधी डिजिटल फाइल केली आणि त्या फाइलवरून लॅकर कापला, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि दोन्ही बाबतींत ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरेच ठरते. २०२२ साली अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या महागड्या पुनर्मुद्रणांसाठी नावाजलेल्या कंपनीच्या अनेक रेकॉर्ड्स डिजिटल टप्प्यातून गेल्या असल्याचे उघड झाले, आणि ते प्रकरण न्यायालयात जाऊन तडजोडीने मिटले. यातून डिजिटल टप्पा आला की आवाज बिघडतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण त्याच रेकॉर्ड्सची अनेक जाणकारांनी आधी मनापासून स्तुती केली होती. प्रश्न विश्वासाचा आणि किमतीचा आहे. पूर्णपणे अ‍ॅनालॉग म्हणून जास्त पैसे मोजायचे असतील, तर कटिंग कोणी केले, कुठे केले आणि कोणत्या स्रोतावरून केले हे कंपनीने स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. तसे लिहिलेले नसेल तर ती रेकॉर्ड डिजिटल स्रोतावरची आहे असे धरून किंमत ठरवावी. तबकडीचे १८० ग्रॅम वजन हा गुणवत्तेचा पुरावा नाही. वजनाने तबकडी हाताला भक्कम लागते, पण आवाज ठरतो तो टेप, कटिंग आणि प्रेसिंगवर.

मूळ प्रत घ्यायची असेल तर लेबलच्या भोवतीच्या मोकळ्या कड्यावर कोरलेले आकडे वाचायला शिकणे अपरिहार्य आहे. लेबलच्या खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी आडव्या रेघेनंतरचा आकडा तो कितवा कट आहे ते सांगतो. ‘रबर सोल’च्या मोनो प्रतीवर दोन्ही बाजूंना हा आकडा १ असेल, तर तो हॅरी मॉस यांनी कापलेला, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजाचा पहिला कट असतो, तो लवकरच मागे घेण्यात आला, म्हणून संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. ‘रिव्हॉल्व्हर’च्या मोनो प्रतीच्या दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१ असा क्रमांक असेल, तर तीवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’चा असा मिक्स आहे जो पुढच्या प्रतींवर बदलला गेला. मॅट्रिक्स क्रमांक तळाशी धरला, तर डावीकडे मदरचा क्रमांक आणि उजवीकडे स्टँपरची (ज्या धातूच्या साच्याने रेकॉर्ड छापली जाते त्याची) अक्षरे सापडतात. बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या ईएमआय कंपनीची ही अक्षरे ‘ग्रामोफ लिमिटेड’ या इंग्रजी अक्षरक्रमावर बेतलेली आहेत : जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, एम म्हणजे ४, ओ म्हणजे ५, पी म्हणजे ६, एच म्हणजे ७, एल म्हणजे ८, टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे शून्य. लॅकरपासून धातूचा फादर, त्यापासून मदर आणि मदरपासून स्टँपर अशी साखळी असल्यामुळे, लहान आकडे म्हणजे साखळीच्या सुरुवातीची प्रत. असे असले तरी हे आकडे प्रतीचे वय सांगतात, तिची अवस्था सांगत नाहीत.

आणि जुन्या प्रतींचा खरा प्रश्न अवस्थेचाच आहे. १९६० च्या दशकातील घरगुती प्लेअरची सुई खाचेवर अनेक ग्रॅम भार टाकीत असे, तर आजची चांगली कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) साधारण दीड ते दोन ग्रॅमवर चालते. पार्ट्यांमधून वाजलेल्या त्या रेकॉर्ड्सच्या खाचा आतून झिजलेल्या असतात. ही झीज दिव्याखाली धरूनही डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चकचकीत दिसणारी प्रतही वाजवल्यावर फाटक्या आवाजाची निघू शकते. विक्रेत्याने दिलेली ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) ही श्रेणी केवळ पाहून दिली की ऐकून, हे विचारलेच पाहिजे. प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मिळाली, तर प्रत्येक बाजूचे शेवटचे गीत ऐकावे, कारण आतल्या वर्तुळांत झीज सर्वाधिक जाणवते. ‘स’ आणि ‘श’ या वर्णांच्या वेळी खरखर येत असेल आणि तबकडी स्वच्छ केल्यावरही ती जात नसेल, तर ती प्रत कितीही पहिली असली तरी ऐकण्यासाठी घेऊ नये. मोनो रेकॉर्डसाठी अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असल्यास ते अवश्य वापरावे. दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा बराच गोंगाट परस्पर नाहीसा होतो आणि मध्यम अवस्थेतील प्रतही ऐकण्याजोगी होते.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. कोलकात्याजवळच्या दमदम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात बीटल्सच्या रेकॉर्ड्स छापल्या जात, आणि त्यांपैकी अनेकींच्या कडेला इंग्लंडमधील मॅट्रिक्स क्रमांकच दिसतात, म्हणजे कट तोच आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या घरांतील संग्रहांतून अशा प्रती अजूनही हाती लागतात. परंतु त्यांच्या प्लास्टिकचा पृष्ठभाग ब्रिटिश प्रतीइतका शांत क्वचितच असतो, आणि आपल्याकडची धूळ, उन्हाळा व पावसाळी बुरशी यांतून त्या तावून निघालेल्या असतात. म्हणून दमदमच्या प्रतीला ब्रिटिश प्रतीची किंमत देऊ नये. कमी खर्चात जुना मिक्स ऐकण्याचे साधन म्हणून मात्र ती उत्तम.

स्टिरिओ ऐकणाऱ्यांना मी मधली वाट सुचवतो, आणि माझ्या मते पैशाच्या मोबदल्यात तीच सर्वांत समाधान देणारी आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये छापलेल्या, लेबलवर ईएमआयची दोन चौकटीतील बोधचिन्हे असलेल्या पार्लोफोन या ईएमआयच्याच छापाच्या प्रती मूळ स्टिरिओ मिक्सच्या आहेत आणि पहिल्या छपाईच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त मिळतात. तोवर घरातील प्लेअरही सुधारले होते, त्यामुळे त्या कमी झिजलेल्या सापडण्याची शक्यता जास्त असते. १९७८ साली अशाच प्रतींचा निळ्या पेटीतील संच निघाला. तोही पुनर्मुद्रित संचच होता, आणि तरीही तो आज जाणकारांच्या आवडीचा आहे. ‘रबर सोल’ आणि ‘हेल्प!’चा १९६५ चा स्टिरिओ मिक्स हवा असणाऱ्याने आधी याच प्रती पाहाव्यात.

जॅझमध्ये हाच हिशेब बहुधा नव्याच्या बाजूने झुकतो. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या १९५० च्या दशकातील मूळ प्रती सामान्य ऐकणाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत, तर कटिंग अभियंते केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून कापलेली त्याच कंपनीची टोन पोएट मालिका वाजवी किमतीत शांत पृष्ठभाग देते. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या बाबतीत तर मूळ प्रतीतच दोष आहे : मुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र मंद चालल्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गीते रेकॉर्डवर किंचित वरच्या पट्टीत वाजत, आणि ही चूक १९९० च्या दशकातील पुनर्मुद्रणांत दुसऱ्या यंत्रावरील टेप वापरून दुरुस्त झाली. त्या अल्बमबरोबर स्वतःचे वाद्य जुळवून रियाज करणाऱ्याने दुरुस्त आवृत्तीच घ्यावी.

खर्चाचा हिशेब करताना संचाची किंमत तबकड्यांच्या संख्येने भागू नये. आपण खरोखर वारंवार ऐकणार असू अशा तबकड्यांच्या संख्येने भागावी. २०१४ च्या मोनो मालिकेतील अल्बम सुटेही विकले गेले. ज्यांना ‘रिव्हॉल्व्हर’ आणि ‘सार्जंट पेपर’ एवढेच हवे आहेत, त्यांनी ते दोन सुटे शोधावेत, कारण पूर्ण संच आता जुन्या बाजारातच आणि चढ्या भावाने मिळतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून एकूण आकडा आधी काढावा. पेटी जड असल्याने हा खर्च कधी कधी डोळे उघडणारा असतो.

संच घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक तबकडीची प्रत्येक बाजू पूर्ण ऐकावी, कारण वाकलेली तबकडी किंवा प्रेसिंगच्या वेळी नीट न भरलेली खाच नव्या संचातही सापडते आणि अशा वेळी एका तबकडीसाठी अख्खी पेटी परत पाठवावी लागते. घट्ट कागदी आवरणातून काढताना तबकडीवर ओरखडे येतात, म्हणून आतील आवरण बदलून मूळ आवरण पेटीत वेगळे ठेवावे. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात ओल पुठ्ठ्यात शिरते आणि बुरशी आधी पुस्तकाला, मग कव्हरांना लागते. तबकड्या उभ्या, हवा खेळेल अशा कपाटात ठेवाव्यात आणि पावसाळ्यात अधूनमधून पेटी उघडून पाहावी.