कोळशाची शेगडी: निखारा, निळी ज्वाळा आणि हवा

लाकूड पेटते तेव्हा दिसणारी ज्वाळा मुख्यतः तापल्यामुळे त्यातून सुटणाऱ्या वायूंची असते; कोळसा पाडताना हवा अगदी मोजकी ठेवून साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला हे वायू आणि पाणी आधीच काढून टाकलेले असते, आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. म्हणून कोळसा धूर कमी करतो, पण पेटायला वेळ लावतो.

सोलापुरात कडक भाकरीसाठी किंवा वांगी भाजण्यासाठी शेगडी पेटवायची असेल, तर बाभळीचा कोरडा कोळसा घ्यावा. त्याचे लिंबाएवढे तुकडे करावेत आणि चुरा चाळून टाकावा, कारण तो फटी बुजवतो. जाळीखालची राख काढून तळाला तुराट्या पेटवाव्यात. रॉकेल मात्र ओतू नये; त्याचा वास भाकरीला लागतो.

थर दोन-तीन तुकड्यांहून जाड करू नये, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खालून आलेल्या हवेत १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला, तर कार्बन डायऑक्साइड होऊन सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. पण हाच वायू वरच्या लालभडक कोळशातून गेला, की तो उष्णता शोषून कार्बन मोनॉक्साइड बनतो. वर त्याला ताजी हवा मिळाली तर तो निळ्या ज्वाळेने जळतो आणि शोषलेली उष्णता परत देतो. न मिळाल्यास तसाच निसटतो, आणि मग त्याच १२ ग्रॅमचे जेमतेम १११ किलोज्यूल हाती लागतात.

निसटलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. एक किलो कार्बन पूर्ण जळायला साडेअकरा किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतील जवळजवळ एक तृतीयांश. मात्र धोका हवा संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. थंडीत दार लावून शेगडी उशाशी घेणे जीवावर बेतते, आणि धूर नाही म्हणून निर्धास्त राहणे ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे. शेगडी अंगणातच असावी. तुकड्यांवर पांढरी राख धरली आणि आत लाली दिसू लागली, की भाकरी शेकायला घ्यावी.

हुरड्याच्या आगटीत मात्र कोळसा नको, गोवऱ्याच हव्यात. गोवरीत राख पुष्कळ असते, ती निखाऱ्यावर पांघरूण घालून हवा अडवते, आणि आच मंद व सारखी लागते. कोळशाच्या धगीत कणीस वरून करपते आणि दाणा आत कच्चा राहतो. असा हुरडा चोळून खाण्यात मजा नाही.

काम झाल्यावर पाणी मारू नये, कारण वाफेबरोबर गरम राख अंगावर उडते आणि मातीची शेगडी तडकते. पत्र्याचे झाकण घट्ट बसवून, खालचे तोंडही बंद करून ती उघड्यावर ठेवावी. हवा तुटली की निखारा विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो. राखेत विस्तव दडून राहतो, म्हणून ती दुसऱ्या दिवशीच टाकावी.