१,१११ आणि ७,७७७ ने तोंडी गुणाकार कसा करावा

समजा, रावेरला केळीचा भाव क्विंटलला १,१११ रुपये निघाला आणि माल भरला ६८ क्विंटल. रक्कम किती? मोबाइल खिशातच राहू द्या.

१,१११ ने गुणणे म्हणजे तीच संख्या एकेक घर डावीकडे सरकवत चारदा मांडून बेरीज करणे: ६८, ६८०, ६,८००, ६८,०००. घराघरातल्या बेरजा डावीकडून ६, १४, १४, १४, ८ येतात. इथवर कुणीही पोचतो.

खरी अडचण हातच्याची. ‘११ ने गुणताना दोन्ही अंकांची बेरीज मध्ये लिहा’ ही युक्ती जो तो सांगतो. २७ ला ती चालते, २९७ येतात. पण ६८ ला मी शाळेत ६,१४८ लिहून आलो होतो. उत्तर आहे ७४८. युक्ती सांगणाऱ्याने हातच्याचे नावही काढले नव्हते. पुढे कितीतरी वर्षे मी बेरीज आणि हातचा एकदम करत राहिलो आणि मधल्या कुठल्यातरी घरात एक हरवत राहिला.

म्हणून माझे ऐका, दोन्ही कामे एकत्र करू नका. आधी सगळ्या बेरजा हातच्याशिवाय धरून ठेवा, मगच उजवीकडून निघा. ८ लिहा. चौदाचे ४, हातचा १. चौदा नि एक पंधरा, ५ लिहा, हातचा १. पुन्हा पंधरा, पुन्हा ५, हातचा १. सहा नि एक सात. ७५,५४८ रुपये. घाईने डावीकडून ६ लिहून टाकलात तर एका हातच्यापायी थेट दहा हजारांचा फटका.

कापसाचा भाव ७,७७७ आणि वजन ३८ क्विंटल असेल तर आधी सातने गुणा: २६६. मग तीच रीत. घरे येतात २, ८, १४, १४, १२, ६. हातचे फेडले की २,९५,५२६. संख्या तीन अंकी आहे, म्हणून कुठल्याच घरात तीनपेक्षा जास्त अंक मिळवायचे नाहीत. चौथा मिळवलात तर तिथेच थांबा, चूक झाली आहे.

३,६३६ सारखी जोडी आली तर ३६ ने गुणून १०१ ने गुणा.

शेवटी अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करून ताळा घ्या. ६८ चे ५, १,१११ चे ४, गुणाकार २०, म्हणजे २. ७५,५४८ चे २९, मग ११, मग २. जुळले. मात्र अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा ताळा ती पकडत नाही, तेव्हा घरे पुन्हा एकदा म्हणून पाहा.