पीसी असेंबल करताना या चुका टाळा

नवं मशीन जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड मेला असं धरून बिल हातात घेऊन दुकानाकडे धावण्याआधी जरा थांबा. सुटे भाग खराब निघतात, पण क्वचित. बहुतेक वेळा बिघाड जोडणीत असतो, आणि जोडणी बिघडते ती घाईमुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी. एका मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. केबलचं ड्राइव्हकडचं (हार्ड डिस्क किंवा एसएसडीकडचं) टोक सगळीकडे सारखंच असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर ५, हे जो तो उत्पादक आपापलं ठरवतो. एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. प्लग मात्र पुष्कळदा बिनतक्रार बसतो, आणि बसला म्हणजे चालणार असा समज होतो.

एका मशीनचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ५५० वॅटचा एसएमपीएस काढून ७५० वॅटचा बसवला. साटाच्या, म्हणजे ड्राइव्हला वीज देणाऱ्या, केबल कॅबिनेटच्या मागून टाय मारून छान नेलेल्या होत्या. त्या पुन्हा कोण उपसणार, म्हणून तशाच ठेवल्या आणि त्यांचं दुसरं टोक नव्या एसएमपीएसमध्ये खोचलं. बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज, पंख्यांनी अर्धा फेरा घेतला आणि सगळं बंद. तो ‘टक्’ म्हणजे एसएमपीएसचं शॉर्टसर्किट संरक्षण होतं. तिथेच हात थांबायला हवा होता. पण पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा जळका वास आला. ५ व्होल्टच्या वाटेने १२ व्होल्ट गेले होते. अडीच इंची एसएसडी ५ व्होल्टवरच चालते, ती कायमची गेली. साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या बोर्डवर टीव्हीएस डायोड असतो, जादा व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं सर्किट वाचवतो. डेटा रिकव्हरीवाल्याने तो जळलेला डायोड काढला तेव्हा डिस्क निदान डेटा उतरवण्यापुरती फिरली. एसएसडीवरचं काहीच परत मिळालं नाही. टाय कापून नव्या केबल ओवायला अर्धा तासही लागला नसता.

म्हणून जुना एसएमपीएस निघाला की त्याच्या केबलही त्याच दिवशी बाहेर. त्या एका पिशवीत भरून पिशवीवर मॉडेल नंबर लिहायचा. शंका असेल तर मल्टिमीटर काढा. एसएमपीएसला दुसरं काहीही न जोडता २४ पिनी प्लगमधली १६ नंबरची पिन (रंगीत वायर असेल तर हिरवी) शेजारच्या ग्राउंडला वायरच्या तुकड्याने जोडली की तो चालू होतो. साटाच्या १५ पिनांपैकी मधल्या तिघींवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत आणि एका टोकाच्या तिघींवर ११.४ ते १२.६. आकडे जुळले नाहीत तर ती केबल सरळ बाद.

याच जातीची आणखी एक चूक: ग्राफिक्स कार्डचा ८ पिनी प्लग प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये रेटणं. दोन्हीकडे ८ पिना असल्या तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट्या आहेत. ४+४ असा सुटतो तो प्रोसेसरचा, ६+२ असा सुटतो तो कार्डाचा. प्लग जोर लावूनच बसत असेल तर तो चुकीचा आहे.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर दिवा लागतो, आणि घरातले सगळे म्हणतात, “थोडा करंट मारतोच तो.” मारता कामा नये. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथेच, नॉइज गाळण्यासाठी फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थ तुटलेला असेल तर कॅबिनेटचा पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस वाचतो. पण त्याच स्थितीत एचडीएमआय केबल टीव्हीला लावलीत, तर पोर्टमध्ये ठिणगी पडून दोन्ही बाजूंचं पोर्ट जाऊ शकतं.

सॉकेट मल्टिमीटरने तपासा. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थही सुमारे २३०, आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ धड येत नसेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. जुन्या चाळीत आणि भाड्याच्या खोलीत हे हमखास सापडतं. काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात लूप मारून देतात, आणि झिणझिण्या खरोखर थांबतात. हा जुगाड करू देऊ नका. पुढेमागे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील, आणि तेव्हा करंट कमी नसेल. तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावणं हाही अर्थ स्वतःच्या हाताने तोडण्याचाच प्रकार आहे.

अधीर माणसाची खास चूक डीडीआर५ रॅम आल्यापासून फार वाढली आहे. एएमडी प्रोसेसरसाठीचा एएम५ सॉकेटचा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक स्टिकसाठी वेळा आणि व्होल्टेज जुळवून पाहतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते, बोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. याला कधी दोन-तीन मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर दहाही लागू शकतात. लोक तिसाव्या सेकंदाला स्विच बंद करतात, पुन्हा लावतात, आणि दर खेपेला ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. मग कूलर उघडतात, प्रोसेसर काढतात. सॉकेटमधल्या १७१८ नाजूक पिनांपैकी एक वाकली की चांगला बोर्ड खरोखर मरतो, आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. बटण दाबा, पंधरा मिनिटं दुसरं काम करा. सीमॉस क्लिअर केल्यावर (बोर्डच्या सेटिंग पुसल्यावर) किंवा रॅमला तिच्यावर लिहिलेला वेग देणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावरही पुन्हा तेवढाच धीर धरा.

बाकीच्या भराभर:

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावायची, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. “नवं कार्ड टाकूनही गेम अडकतो” या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. क्लिकचा आवाज येईपर्यंत दाबा.

३२०० ची डीडीआर४ रॅम घेतली तरी बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंग मेनूमध्ये) एक्सएमपी, म्हणजे एक्स्पोसारखंच प्रोफाइल, चालू केल्याशिवाय ती पुष्कळदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. तसंच १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच पडून असतो.

कूलरच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिक पट्टी काढा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू पिळत सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो.

बोर्डखाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो धातूचा छोटा खुंट) राहिला तर शॉर्ट होतो. बोर्डला जितकी भोकं, तितकेच स्टँडऑफ ठेवा, तेही भोकांच्या बरोबर खाली.

एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते तो) भरल्यावर साटाचा एखादा पोर्ट बंद पडणं हा बिघाड नाही. अनेक बोर्डांवर दोघांची लाइन एकच असते. कोणता पोर्ट बंद होतो ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, आणि मॅन्युअल न उघडता तासभर व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते सापडत नाही.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी आतली ताकद बहुधा ३६० वॅटच असते. २२० वॅटचं कार्ड, १२० वॅटचा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून ती संपते, आणि गेम चालू असताना वीज गेली की यूपीएससकट सगळं बंद होतं. लेझर प्रिंटर त्यावर मुळीच लावू नका.

आणि बायोस अपडेट पावसाळ्यातल्या संध्याकाळी, विजा चमकत असताना करायचा नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल बोर्डच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनचीच घ्या, आणि पट्टी शंभर टक्क्यांवर पोचून मशीन आपोआप रीस्टार्ट होईपर्यंत बटणाला हात लावू नका.