कंपनीनं कामावरून कमी केलं? ईएसआयसीचा बेकारी भत्ता असा मागा

पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा; तो चालवणारं महामंडळ म्हणजे ईएसआयसी) म्हणून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात. पगार १८,००० असेल तर १३५ रुपये. मालक त्यात स्वतःचे ३.२५ टक्के घालतो. या पैशातून दवाखाना मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं. नोकरी गेल्यावर काही महिने रोख रक्कमही मिळू शकते, हे मात्र कंपनीत सहसा कुणी सांगत नाही.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती प्रायोगिक म्हणून लागू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली गेली. म्हणून अर्ज करण्याआधी ती सध्या चालू आहे ना आणि अटी त्याच आहेत ना, एवढं ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ या टोल फ्री नंबरवर विचारून घ्या.

मी स्वतःचा अर्ज केला, नंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांचे भरून दिले. फॉर्म भरणं सोपं आहे. माणसं अडकतात ती त्याच्या कितीतरी आधी, कंपनीच्या गेटच्या आतच. त्यामुळे या लेखात फॉर्मबद्दल कमी आणि त्या आधीच्या भानगडीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आधी हिशेब

दरमहा भरली जाणारी ईएसआयची रक्कम म्हणजे अंशदान. अगोदरच्या चार अंशदान कालावधींतला (सहा-सहा महिन्यांचे चार, म्हणजे दोन वर्षांतला) तुमचा एकूण पगार घ्यायचा, त्याला ७३० नं भागायचं. आला तो रोजचा सरासरी पगार. त्याच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता. २०२० मध्ये करोनाच्या काळात तो दुप्पट केला गेला.

उदाहरणार्थ, दोन वर्षं सलग १८,००० पगार असेल तर एकूण ४,३२,००० झाले. भागिले ७३० म्हणजे सुमारे ५९२ रुपये रोज. त्याचे निम्मे २९६ आणि ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. पण त्याच दोन वर्षांत चौदा महिन्यांचाच पगार भरला गेला असेल, तरी भागायचं ७३० नंच. मग हातात १५,५०० च्या आसपासच येतात. व्हिडिओत ‘तीन महिन्यांचा निम्मा पगार’ असं छातीठोकपणे सांगणारे हा ७३० चा भाग खाऊन टाकतात, आणि मग माणूस शाखा कार्यालयात जाऊन क्लार्कशी भांडतो.

तुम्ही बसता का

नोकरी जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं विमायोग्य (ईएसआय लागू असलेली) नोकरी हवी. अंशदानाचे कालावधी वर्षात दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. २०२० मध्ये शिथिल केलेल्या अटीनुसार नोकरी जाण्याच्या लगतच्या आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं, आणि त्यामागच्या तीन कालावधींपैकी निदान एकात आणखी ७८ दिवसांचं. हे सगळं ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतं. नोटिशीची कुजबुज सुरू झाली की त्याच आठवड्यात तिथे जाऊन अंशदानाचा तपशील डाउनलोड करून ठेवा.

गैरवर्तनासाठी बडतर्फी, सेवानिवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, मालकानं केलेली टाळेबंदी, बेकायदेशीर ठरलेला संप आणि आपणहून सोडलेली नोकरी, यांत भत्ता नाही. पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे तुम्ही आधीच विम्याबाहेर पडला असाल तरीही नाही. दोन ठिकाणी विमा असलेली नोकरी असेल, तर दोन्हीकडची गेल्यावरच तुम्ही बेरोजगार धरले जाता.

कंत्राटी कामगारांनी एक गोष्ट जास्तीची तपासायची. चाकण असो की वाळूज, मशीन तेच, गेट तेच, पण ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार घाईत नवा आयपी नंबर (तुमचा ईएसआयचा विमा क्रमांक) काढून मोकळा होतो. मग तुमची दोन वर्षं दोन नंबरांत विभागली जातात आणि कोणत्याच नंबरवर पूर्ण भरत नाहीत. जुने सगळे नंबर घेऊन शाखा कार्यालयात जा आणि ते जोडून घेण्याचा लेखी अर्ज द्या. हे काम नोकरी असतानाच उरकलेलं बरं.

अर्ज खरा मरतो तो इथे: नोकरी जाण्याचं कारण

वर लिहिलेल्या यादीत ‘आपणहून सोडलेली नोकरी’ हे शब्द आहेत. कंपनी नेमकं तेच तुमच्याकडून लिहून घेते. एचआरवाला गोड बोलून सांगतो, ‘राजीनामा दे, फुल अँड फायनल लवकर निघेल, पुढच्या नोकरीला अडचण नको.’ कागद तयारच असतो आणि त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं छापलेलं असतं. सहकारीही म्हणतात, करून टाक सही, काय फरक पडतो. फरक एवढाच पडतो की त्या सहीनं तुम्ही भत्त्यावरचा हक्क सोडता. अंतिम हिशेबाचे पैसे हे तुमच्या कामाचेच आहेत. ते मिळावेत म्हणून खोटं कारण लिहून देण्याची काहीही गरज नसते.

सही करावीच लागणार असेल, तर मजकूर तुम्ही लिहा. मी लोकांना एवढंच लिहायला सांगतो: ‘अमुक तारखेला व्यवस्थापनानं काम उपलब्ध नसल्याचं सांगून मला कामावरून कमी केलं. माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक. मी स्वतःहून नोकरी सोडलेली नाही.’ नाव, आयपी नंबर, सही, तारीख. एक प्रत एचआरला ईमेल, एक स्पीड पोस्टानं. पोच जपून ठेवा. तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं असेल, तर त्याच संध्याकाळी हे पत्र गेलं पाहिजे. गेटवरची नोटीस, सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, कमी केलेल्यांची यादी, जे असेल त्याचा फोटो काढा. ‘बघू, पुढच्या महिन्यात परत बोलावतील’ या आशेवर पत्र लांबवू नका. बोलावलं तर पत्रानं काही बिघडत नाही.

आता दुसरा अर्धा भाग, जो माझ्या स्वतःच्या वेळी मला फार जड गेला. मालक दर महिन्याचं अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ऑनलाइन भरतो. ज्या महिन्यात तुमचे कामाचे दिवस शून्य, त्या महिन्याला त्याला तुमच्या नावापुढे एक कारण-कोड निवडावा लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ विम्याच्या कक्षेबाहेर, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगार कपात, ११ काम नाही. यातल्या २, ३, ४, १० अशा कोडांनाच शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख भरता येते, आणि ती भरली की तुमचं नाव त्या मालकाच्या यादीतून निघतं. १ किंवा ११ टाकला तर तारखेचा रकाना रिकामाच ठेवावा लागतो. म्हणजे तुम्ही घरी बसलेले, आणि ईएसआयसीच्या दफ्तरी मात्र त्याच कंपनीत रजेवर.

माझ्या बाबतीत कंपनीच्या पगार विभागानं असंच ‘रजेवर’ लावून महिने ढकलले होते. कुणाचा वाईट हेतू होता असं नाही. हे काम बहुतेक ठिकाणी बाहेरच्या सल्लागाराकडे असतं, त्याला यादी मिळते, आणि ज्याचं कारण ठाऊक नाही त्याला तो १ लावून टाकतो. पण रेकॉर्डवर नोकरी चालू दिसत असताना बेकारीचा दावा मांडणार कसा? मी शाखा कार्यालयात विचारायचो, ते म्हणायचे मालकाकडून दुरुस्त करून आणा. मालकाकडे जायचो, तो म्हणायचा सल्लागार बघतो.

यातून वाट एकच: कोड चुकीचा पडण्याआधी गाठायचं. ऑगस्टच्या मध्यावर काढलं असेल, तर ऑगस्टमध्ये तुमचे काही दिवस भरलेले असतात, त्यामुळे कारण-कोडाचा प्रश्न सप्टेंबरच्या भरण्यात येतो. त्याची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. म्हणजे तुमच्या हातात चांगले आठवडे असतात. या काळात पगार विभागाला ईमेल करा, तोंडी नको: ‘माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक, मला व्यवस्थापनानं कमी केलं आहे, कृपया त्यानुसार कारण आणि तारीख नोंदवा.’ कंत्राटी असाल तर हा ईमेल ठेकेदाराला जायला हवा, कारण कोड त्याच्या खात्यातून पडतो. स्लिपवर कोणाचं नाव आहे ते बघा. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका.

कोड १० पडला तर उत्तम. २ पडला तरी हातपाय गाळू नका. त्यात काढलेलेही येतात आणि स्वतःहून गेलेलेही, म्हणून अशा वेळी तुमचं पत्र आणि पोच उपयोगी पडते. शाखा कार्यालय मालकाकडून खातरजमा करतं. तिथे मालक ‘त्यानं राजीनामा दिला’ म्हणाला आणि तुमच्याकडे काहीच कागद नसेल, तर तुमची बाजू मांडायला उरतं काय?

आणि हो, खरोखरच स्वतःहून नोकरी सोडली असेल तर कारण फिरवून अर्ज करू नका. खोट्या निवेदनासाठी शिक्षा झाली तर या भत्त्याचा हक्कच संपतो. एजंट मंडळी हे सांगत नाहीत, कारण अर्ज नाकारला गेला तरी त्यांची फी खिशात गेलेली असते.

अर्जाआधी एक प्रश्न

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायदेशीर कामगार कपात झाली असेल, तर शाखा कार्यालयात राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दल आधी विचारा. ती २००५ पासून आहे आणि तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो: पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. ९० दिवसांच्या योजनेवर घाईनं उडी मारून मोठा हक्क बाजूला टाकू नका.

फॉर्म

ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा. युजर आयडी म्हणजे तुमचा दहा आकडी विमा क्रमांक. आधार आणि बँक खातं आधीच जोडलेलं असावं आणि तिन्हीकडे नाव एकाच स्पेलिंगनं असावं. योजनेचा दावा उघडा, तारखा भरा, आधार आणि पासबुकचं पहिलं पान अपलोड करा, पाठवा. कागद अपलोड केले नसतील तर प्रिंटवर सही करून कागदांसह शाखा कार्यालयात द्या.

तारखांबाबत दोन गोष्टी. दावा नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी करता येतो. ‘९० दिवस थांबा’ हा सल्ला २०२० आधीचा आहे आणि तो अजून फिरतोच आहे. दुसरं, येणाऱ्या दिवसांचा भत्ता आगाऊ मागता येत नाही, सरलेल्या दिवसांचाच मागायचा. नोकरी गेल्यापासून एका वर्षाच्या आत दावा व्हायला हवा.

मालकामार्फत अर्ज पाठवण्याची जुनी अटही गेली, तुम्ही थेट करू शकता. प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली, तरी कार्यालयाबाहेरचे टायपिंगवाले स्टॅम्प पेपर पुढे करतातच. पैसे वाचवा. ‘पीएफ काढला तर हा भत्ता मिळत नाही’ हीदेखील अफवाच. पीएफचं कार्यालय वेगळं, पैसे वेगळे.

नंतर

दावा पंधरा दिवसांत निकाली काढायचा, असं २०२० मध्ये ठरलं आहे. मंजूर झाला तर रक्कम थेट खात्यात येते. उशीर झाला तर दाव्याचा क्रमांक घेऊन शाखा व्यवस्थापकांना भेटा. तिथे दाद लागली नाही तर दरमहा होणाऱ्या ‘सुविधा समागम’ या तक्रार बैठकीत किंवा केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार नोंदवा. नाकारला गेला तर कारण लेखी मागा. ‘साहेब नाही म्हणाले’ हे कारण नव्हे, आणि लेखी कारणाशिवाय पुढच्या तक्रारीत लिहिणार काय?

मधेच दुसरी नोकरी लागली तर ती लागेपर्यंतच्या बेकारीच्या दिवसांचा भत्ता मिळतो. त्यापुढचे दिवस दाव्यात धरू नका. आणि रुजू होताना नव्या मालकाला जुनाच आयपी नंबर द्या, त्याला नवा काढू देऊ नका.