सॉफ्ट कोरल ओळखताना या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही. आमच्याकडे सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, येतं ते बाटलीत बसून, कसारा घाट चढून. पाण्यात डुलणारी वसाहत पोरांनी पाहिलेली नसते. हातात येतो आकसलेला, रंग उडालेला, चामड्यासारखा तुकडा, आणि तो पाहून पाच मिनिटांत नाव सांगून मोकळे होतात. माझं डोकं फिरतं ते तिथे.

सगळ्यात महाग पडणारी चूक फॉर्मालिनची, म्हणजे नमुने टिकवायला वापरतात त्या रसायनाची. सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नसतो. त्याच्या मांसल भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण विखुरलेले असतात. हे स्क्लेराइट. जात ठरते ती मुख्यतः यांच्या आकारावरून. फॉर्मालिन ठेवून ठेवून आंबतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते हे कण हळूहळू खाऊन टाकतं. बाहेरून कोरल अगदी धडधाकट दिसतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

एका कॉलेजात लक्षद्वीपहून रीतसर परवानगीने आणलेले १४ नमुने होते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बाटल्यांतलं अल्कोहोल उडत चाललं होतं. नवीन मागवायचं तर एक्साइजचे कागद, सह्या, खेटे. एका हुशार विद्यार्थ्याने मामांकडून किल्ली घेतली आणि कपाटातलं फॉर्मालिन सगळ्या बाटल्यांत ओतलं. दिवाळीनंतर मला बोलावणं आलं. पहिला तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला, म्हणजे मांस जातं आणि स्क्लेराइट काचेवर उरतात. काचेवर पाणी, बाकी काही नाही. दुसरा, तिसरा, तेच. पोरगा म्हणाला, "सर, बहुतेक या जातीत स्क्लेराइट नसतातच." आणि वहीत ते लक्षण म्हणून लिहूनही ठेवलं होतं! स्क्लेराइट नसलेली सॉफ्ट कोरल असतात, नाही असं नाही. पण १४ च्या १४?

माझी सवय सांगतो. नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये, आणि दोन दिवसांनी ते बदलायचंच, कारण कोरलच्या अंगातलं पाणी त्याला पातळ करतं. डीएनएसाठी नखाएवढा तुकडा वेगळ्या कुपीत, ९५ टक्क्यांच्या वर. कागदपत्रांचा कंटाळा असेल त्याने कोरल आणूच नये.

दुसरी लाडकी चूक म्हणजे एकाच जागचा तुकडा तपासणं. सायन्युलॅरिया हे सॉफ्ट कोरल घ्या. वरच्या पाकळ्यांच्या पृष्ठभागावर बारीक गदेसारखे स्क्लेराइट असतात, तर बुंध्याच्या पोटात जाड, दोन्ही टोकांना निमुळते, काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके मोठे. एका विद्यार्थिनीने बुंध्यातले कण जुन्या वर्णनातल्या पृष्ठभागाच्या चित्रांशी ताडून पाहिले, जुळेनात, आणि थेट 'नवी जात' जाहीर केली. पेढेही वाटले. पेढे मी खाल्ले, मग बुंधा कुठला आणि शेंडा कुठला ते विचारलं. चार जागा ठरलेल्या आहेत: पाकळीचा पृष्ठभाग, पाकळीचं पोट, बुंध्याचा पृष्ठभाग, बुंध्याचं पोट. चार स्लाइड, चार चिठ्ठ्या. तासभर जातो, जाऊ दे.

वसाहतीच्या बाह्यरूपावर भाळू नका. सार्कोफायटॉन आणि लोबोफायटम ही दोन सॉफ्ट कोरल. एकाची छत्री आणि दुसऱ्याच्या पाकळ्या पुस्तकात वेगळ्या दिसतात, बाटलीत आकसल्यावर कितीदा नाही. भिंग लावून पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक बारीक जीव, पाहा. या दोघांत मोठे पॉलिप आणि त्यांच्यामध्ये ठिपक्यांसारखे बारके, असे दोन प्रकार सापडतील. सायन्युलॅरियात एकच. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटतो.

ब्लीच नीट धुतलं नाही की काचेवर मिठाचे चौकोनी स्फटिक उरतात. ते स्क्लेराइट म्हणून तन्मयतेने काढलेली चित्रं मी पाहिली आहेत. चार-पाच वेळा पाणी बदला. आणि ब्लीचचा थेंब टाकण्याआधी तुकड्यातलं अल्कोहोल धुऊन काढा, दोन्ही एकत्र येऊ देऊ नका.

नावातल्या 'सॉफ्ट'वर जाऊ नका. ट्युबिपोरा म्यूझिका या कोरलचा सांगाडा चांगला टणक आणि लालभडक, तरी ते सॉफ्ट कोरलच्याच, आठ स्पर्शिकांच्या गटातलं. शंका आली की पॉलिपच्या स्पर्शिका मोजा. आठ, आणि प्रत्येकीला पिसासारखे फाटे.

जुनी पुस्तकं 'अल्सिओनेसिया' हा गण सांगतात. २०२२ च्या फेरमांडणीत तो गेला, आता मॅलॅकॅल्सिओनेसिया आणि स्क्लेरॅल्सिओनेसिया असे दोन गण आहेत. निबंधात दोन्ही पद्धती मिसळून लिहू नका.

"डीएनए करून टाकू ना सर" हा सध्याचा शॉर्टकट. एमटी-म्यूट-एस हे जनुक उपयोगी आहे, पण जवळच्या जातींत ते पुष्कळदा हुबेहूब सारखंच निघतं. उलट सार्कोफायटॉन ग्लॉकम या एकाच नावाखाली अनेक जाती लपल्याचं डीएनएनेच दाखवलं. म्हणजे डीएनए आणि कण, दोन्ही लागतात. एक करून दुसऱ्याला रजा नाही.

किनाऱ्यावर गेलात तर समुद्रपंख्याला, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या कोरलला, हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते २००१ पासून आहेत.

फोटोत पट्टी ठेवा. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. माझ्या कपाटात एक बाटली आहे, निळसर अल्कोहोल आणि कोरा कागद असलेली. कोरल सुरेख टिकलंय, फक्त ते कुठून आणलं हे आता कुणालाच सांगता येत नाही.